शिवेवरचा नारळ

"आये, हात खाली घे! तो देव नाही, बॉम्ब आहे!"

जयवंत ओरडला, तसा आईने नारळ आणखीच वर उचलला.

"देवाक बॉम म्हणतस? जीभ झडात तुझी!"

मुलुंडच्या डोंगराखालचा हा मातीचा बांध म्हणजे दोन गावांची शीव. तो कुणी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. पांडवांच्याही आधीचा, असं म्हातारे सांगत. महायुद्धाच्या दिवसांत लष्कराने त्यात खंदक खणले, तोफगोळ्यांचा सराव केला. लष्कराला कुठली शीव आणि कुठला देव! त्या धामधुमीत शिवेचा दगडी देव नाहीसा झाला. यंदाच्या पावसात बांध खचला आणि मातीतून एक गोल डोकं वर आलं. देव परतला म्हणून लोकांनी त्याला शेंदूर फासला. या देवाला नारळ फोडायचा तो त्याच्याच माथ्यावर, अशी इथली रीत.

जयवंतने लढाईत दारूगोळ्याच्या डेपोत हमाली केली होती. शेंदराखालची तोफगोळ्याची पितळी कडी दिसली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मध्ये खंदक होता. उडी मारावी तर आई दचकून नारळ सोडायची.

"बा देवा म्हाराजा," आईने गाऱ्हाणं घातलं, "माझ्या दत्तारामाक शिवेच्या आत घेवन ये."

दत्ताराम तिचा थोरला. ब्रह्मदेशच्या लढाईवर गेला, तो आला नाही आणि मेल्याची खबरही आली नाही. त्याच्या वाटेकडे डोळे लावूनच ती जगत होती.

"आये, सुतक आहे आपल्याला!"

जयवंतच्या तोंडून निघून गेलं. सुतकात देवाला शिवायचं नाही, एवढं एकच ती ऐकणार होती. नारळ हवेतच थांबला.

"कोणाचा सुतक?"

गावाकडच्या कुठल्याही काकाचं नाव चाललं असतं. पण भीतीने त्याचं डोकंच चालेना.

"दत्तूदादाचं."

आईने हात खाली घेतला. कधी, कुठे, कुणी सांगितलं, काही विचारलं नाही. नारळ पदरात गुंडाळून ती घराकडे चालू लागली.

जयवंतने चौकीत वर्दी दिली आणि दुपारी लष्कराची गाडी आली. लोकांना लांब हटवून जवानांनी तो गोळा वाळूच्या पोत्यांत बसवून नेला. आता आईचे पाय धरायचे, खोटं बोललो म्हणून सांगायचं, असं ठरवून जयवंत धावतच घरी गेला.

आई ओल्या केसांनी अंगणात बसली होती. शेजारी न्हावी वस्तरा घासत होता.

"ये, बस," ती म्हणाली. "धाकटो भाव तू. तुकाच करूक व्हया."

रडून तिचे डोळे सुजले होते. पण इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा निवांत त्याने पाहिला नव्हता. जयवंतने तोंड उघडलं. सकाळी बांधावर वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटली.

न्हाव्याने त्याच्या डोक्यावर पाणी चोळलं. जयवंतने मान खाली घातली.