जुन्या पेटीत नवा वायू

बॅकेलाइटच्या, म्हणजे जुन्या टणक प्लॅस्टिकच्या, दोन पत्र्यांमध्ये दोन मिलिमीटरची फट, आतून जवसाच्या तेलाचा हात आणि फटीत खेळवलेला वायू. पेटी म्हणजे एवढंच. आकाशातून आलेला कण फटीतून गेला की वायूत विजेची ठिणगी पडते आणि कण मोजला जातो. इटलीतल्या पावियाबाहेरच्या छोट्या प्रयोगशाळेतली ही पेटी फेर्रांदी सरांनी तरुणपणी स्वतः केली होती. निवृत्त झाले तरी ते दुपारी येऊन बसत आणि फियोरेन्झाला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, नको तितकं शिकवत.

जुना वायू पृथ्वी तापवतो म्हणून बंद होणार होता. नवा वायू मानवला नाही तर जमिनीखालच्या मोठ्या प्रयोगाच्या बोगद्यात बसवलेल्या अशा सगळ्या पेट्या भंगारात जाणार होत्या, आणि फियोरेन्झाची नोकरीही त्यांच्यामागोमाग. नव्या वायूचे आकडे तपासायला उद्या मिलानोहून समिती येणार होती.

नव्या वायूला व्होल्टेज जास्त लागे. पेटी शंभरातले ऐंशी कण पकडत होती, हवे होते पंच्याण्णव. तेवढ्यात आतला विजेचा प्रवाह उगाचच चढायला लागला. सरांचा नियम ठरलेला होता. पेटीने कुरकुर केली की त्या दिवशी पुढे जायचं नाही, खालच्या व्होल्टेजवर ठेवून द्यायची, आतली धूळ तिची ती जाळते. आज इथेच थांब, असं बजावून ते कॉफी प्यायला गेले.

फियोरेन्झा थांबली नाही. समितीला काय, सरांची धूळ दाखवायची? तिने व्होल्टेज चढवलं. नव्वद. पंच्याण्णव. सत्त्याण्णव आले तशी ती आनंदाने खुर्चीतून उठलीच. मग प्रवाह एकदम उसळला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि पेटी गेली.

सरांना दारातच वास आला. वायू बंद करून त्यांनी पात्याने कड सोडवली, पेटी उघडली. कोपऱ्यात काळा डाग होता.

"इथं तेल माझ्याच हातून जाड बसलं असणार," ते ओशाळून म्हणाले. "तुझं नुकसान केलं बघ मी."

हे मात्र तिला सोसवलं नाही. "तुम्ही काही केलं नाही, सर. तुम्ही गेल्यावर मीच चढवलं. पण सत्त्याण्णव आले."

"कधी आले?"

"जळायच्या जरा आधी."

सरांनी तिची नोंदवही ओढून आकडे पाहिले. "अगं, जळायला लागलेली पेटी नुसत्या ठिणग्या मोजते. कण आला काय, न आला काय. हे मीच शिकवलं होतं ना तुला?"

शिकवलं होतं. व्होल्टेज चढवतानाही तिला ते ठाऊक होतं. तिने वहीतलं सत्त्याण्णव खोडलं, पंच्याण्णव खोडलं. नव्वदपाशी जरा रेंगाळली, मग तेही खोडलं. उद्या समितीला दाखवायला ऐंशी उरले.