चौकटीवरचं रक्त

कचरूनं कडुनिंबाची डहाळी करडाच्या रक्तात बुडवली आणि झोपडीच्या चौकटीवर ओढली. त्याची लहानगी लेक रूथ कंदील धरून उभी होती. मिसर देशातल्या गुलामांनी सुटकेच्या रात्री असंच केलं होतं. मृत्युदूत रक्त पाहून त्यांची घरं ओलांडून गेला, फारो राजाच्या मुलखातले थोरले मुलगे तेवढे मेले, आणि पुढं समुद्रानं दुभंगून गुलामांना वाट दिली. पाद्रीबाबांकडून ऐकलेली ही गोष्ट कचरू खळ्यावर सगळ्यांना सांगायचा. गाव त्याला मालकाच्या नावानं अप्पारावांचा कचरू म्हणायचं. तो मात्र स्वतःला त्या गोष्टीतल्या माणसांत धरायचा.

दुसऱ्या दिवशी त्र्याऐंशीचा पाडवा होता. सालगड्याचं साल पाडव्याला सरतं आणि त्याच दिवशी नवं धरतात. कचरूचा आजा आणि बाप अप्पारावांच्याच घराण्यात राबून मेले. कचरूनं मात्र या पाडव्याला साल धरणार नाही, जालन्याला जाणार, असं सांगून टाकलं होतं.

त्या रात्री जेवायचं ते गोष्टीतल्यासारखं, उभ्यानं, पायात वहाणा घालून, असं त्यानं बजावलं. त्याची बायको नंदाबाई भाकरी वाढत म्हणाली, "उभ्यानं तर मालकाच्या रानात रोजच खाता की. त्यात काय नवल?"

"तवा बसू देत न्हवते म्हणून उभा व्हतो," कचरू म्हणाला. "आज जायचं म्हणून उभा हाय."

घास तोंडात असतानाच अप्पारावांची माणसं आली. अप्पारावांचा थोरला नातू तापानं फणफणला होता. कुणी चौकटीवरचं रक्त पाहिलं, कुणाला खळ्यावरची थोरल्या मुलांची गोष्ट आठवली, आणि भानामती ठरली. त्यांनी कचरूला केसांना धरून खळ्यावर नेलं, मधल्या खांबाला, मेढीला बांधलं आणि बैलाच्या जुवाची लाकडी शिवळ काढून मारलं. पाठ फुटली. मग उजवा हात मेढीवर दाबून मोडला. रूथला वाळली तुराटी मोडल्यासारखा आवाज आला. नंदाबाई पाया पडायला गेली, तिला लाथ बसली. झोपडीची चौकट उपटून आणली, कचरूचं तोंड चौकटीवरच्या रक्तावर दाबलं आणि चाटून काढ म्हणाले. त्यानं चाटलं.

तेव्हा कुठे अप्पाराव पुढे आले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

"कचरू, उद्याचं साल धरतो म्हण. आत्ता सोडतो."

कचरूनं तोंडातलं रक्त थुंकलं.

"साल सरलं, मालक."

पुन्हा मारलं.

पहाटे नातवाचा ताप उतरला. मार लागू पडला, असं म्हणत त्यांनी दोर सोडला. घरोघर गुढ्या उभ्या राहत होत्या तेव्हा तिघं दुधना नदीवर पोचली. चैत्रातली नदी, पात्रात नुसती वाळू. कचरू सुजलेल्या ओठांनी हसला.

"बघ रूथ, समुद्र आपल्यासाठी आधीच कोरडा करून ठिवला."

पुढं जन्मभर त्यानं जालन्याच्या मस्तगडात दुकानांची राखण केली. चौकटीला पुन्हा कधी रक्त लावलं नाही. पण पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तो वाकड्या मनगटावर ताट तोलून, वहाणा घालून, उभ्यानंच जेवायचा.

त्याला पुरून आले त्या दिवशी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. बस बाई, दोन घास खा, असं त्या रूथला म्हणाल्या. तिनं ताट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

नंदाबाई उठली. दाराबाहेरून लेकीच्या वहाणा आणल्या आणि तिच्या पायांशी ठेवल्या.