बत्तीस एमबीची मशीनं

डोळखांबजवळच्या आश्रमशाळेत वर्षाने खेळाची नवी सीडी घातली आणि संगणकाच्या पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘ग्राफिक्स कार्ड सापडले नाही.’ खेळ बंद. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. शाळेतल्या सहाही मशीनांनी तिला असं दारातूनच हाकललं.

गणिताच्या चंद्रकलाबाई तिच्या मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“जुनी सीडी आठव्या धड्यावर अडकते म्हणून तुमाला बोलावलं. ही तर सुरूपण होत नाय. पोरं तासभर ओळीत उभी आहेत. चालत नसेल तर परत येऊ नका.”

बाईंचं खरंच होतं. ती स्वतः याच शाळेत शिकलेली. बेरीज-वजाबाकीचा हा खेळ तिने आणि साईनाथने दोन हजार दोन साली शहापुरात एका भाड्याच्या खोलीत बसून केला होता. धडे आणि आवाज तिचे. इंजिन, म्हणजे चित्रं हलवणारा, आवाज वाजवणारा पोटातला प्रोग्राम, साईनाथचा. कुठल्याशा कचेरीने टाकून दिलेली बत्तीस एमबी मेमरीची मशीनं शाळेला मिळाली होती आणि त्यांच्यावर चालावा असाच तो बेतला होता. यंदा साईनाथने इंजिन नव्याने लिहिलं.

जीपने ती दुपारीच शहापूरला त्या खोलीवर परतली. साईनाथ नव्या मशीनवर तळ्यातल्या पाण्याला चकाकी देत बसला होता.

“नवं ग्राफिक्स कार्ड लागतं, हे कव्हरावर लिहायचं तरी होतंस.”

“लिहिलं असतं तर कोणी घेतली असती?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं!”

“त्या डबड्यांसाठी मी किती वर्षं मागं बघू? कल्याणच्या शाळांत नवी मशीनं आलीत. मी जुनं सांभाळणार नाय.”

“नको सांभाळू. आठव्या धड्याची चूक तेवढी जुन्यात दुरुस्त करून दे. नव्यात केलीस ना?”

“नव्यात ती येतच नाय. जुन्याला मी हात लावणार नाय.” तो खुर्चीत वळला. “तुझ्या पाड्यावरच्या पोरांना फुकट मिळतंय ना? मग मिळेल ते गोड मानून घ्या.”

वर्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. खोलीची किल्ली तिने टेबलावर आपटली आणि ती निघाली.

जुन्या प्रोग्रामची एक प्रत तिच्याकडेही होती. मुरबाडच्या ज्या क्लासमध्ये ती टायपिंग शिकवायची, तिथेच दोन बॅचच्या मधल्या वेळात ती तो वाचायला बसली. निम्मं कळत नव्हतं. पुस्तकं मागून आणली, चुकली, पुन्हा बसली. सतराव्या दिवशी सापडलं. धडा संपला तरी त्याची चित्रं मेमरीतच राहत होती. आठव्या धड्यापर्यंत मेमरी भरून मशीनचा गळा दाबला जायचा. तिने चार ओळी घातल्या आणि खेळ शेवटपर्यंत चालला.

चंद्रकलाबाईंनी सहाही मशीनं तपासली. “हे आधीच करायचं होतं,” एवढंच म्हणाल्या.

आठवड्याभरात साईनाथ मुरबाडच्या क्लासमध्ये येऊन थडकला.

“माझं इंजिन उघडलंस? चोरी आहे ही! तक्रार करीन.”

“कर. अर्धा खेळ माझा आहे. आणि चूक तुझ्या नव्या इंजिनातपण असणार. कुठलीच चित्रं तू मेमरीतून काढत नायस. मोठ्या मेमरीत चूक उशिरा दिसेल, एवढंच.”

साईनाथचा चेहरा पडला. कल्याणला त्याने चाळीस धड्यांची सीडी दिली होती.

“कुठल्या ओळीत आहे ती चूक?”

“शोध.”

“वर्षा, सांग गो. शाळा सुरू झाल्यात.”

“तुझ्या पोरांना मिळालंय ते गोड मानू दे.”

तो शिव्या घालत जिना उतरला. कल्याणची पोरं तिच्या डोळ्यांपुढे आली. त्यांचा काय दोष? ती खिडकीशी गेलीही. खाली साईनाथ स्कूटरला लाथा मारत होता. तिने त्याला हाक मारली नाही.