नावेत खायचं नाही

वैतरणेवर धरण झालं आणि मागे जे पाणी तुंबलं, त्यावर सहादूने बरीच वर्षं नाव चालवली. इगतपुरीकडची माणसं, शेरडं, दुधाच्या किटल्या, बाजाराच्या पाट्या, सगळं त्याने या काठावरून त्या काठावर नेलं. सोबतीला दोन कुत्री. ढवळी म्हातारी झालेली, आणि तिचा पोरगा कंडक्टर. हे नाव उतारूंनीच ठेवलं होतं, कारण शेवटचा माणूस चढल्याशिवाय तो काही नावेत पाय टाकत नसे.

पुढे पाण्याला वळसा घालून सडक झाली, एसटी सुरू झाली आणि सहादूची नाव काठावर पालथी पडली. बायको मागेच गेलेली. तेव्हा त्याची पोरगी विमल म्हणाली, "आबा, आता माझ्याकडं या."

विमलचं सासर त्याच वैतरणेच्या खाडीवर, नदी समुद्राला मिळते तिथे. सहादू पेंढ्याच्या ट्रकमध्ये बसून घाट उतरला, तो कुत्र्यांना घेऊनच.

विमलची सासू भागीबाई सुक्या मासळीचा धंदा करायची. अंगणभर बोंबील वाळत होते. दोन्ही कुत्री नाकं वर करून दारात उभी राहिली, तशी ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "व्याही, तुम्ही या, घर तुमचंच. पण ही दोन तोंडं कशाला आणलीत?"

"त्यांला शिस्त हाय, विहीणबाई. नाय तोंड लावायची."

"कुत्रं हाय की साधू?" भागीबाई हसली; पण हसता हसता तिने निकालही दिला. तिचा नवरा यादव दुसऱ्या दिवशी बोंबलाच्या टोपल्या घेऊन खाडीने वरच्या गावच्या दुकानदाराकडे जाणार होता. "व्याही, तुम्हीपण जा, आणि ह्या कुत्र्यांनापण न्या नावेत. एक जरी बोंबील खाल्ला, तर ही दोघं परत घाटावर."

ती दोघं परत गेली तर आपणही जायचं, हे सहादूने मनात धरलं. विमलला ते त्याच्या तोंडावर दिसलं. रात्रीची भाकरी वाढताना तिने मान वर केली नाही.

सकाळी भरती लागली तशी नाव सुटली. लहानसं इंजिन फटफटत होतं. दोन्ही काठांना तिवरांची झाडं गुडघाभर पाण्यात उभी होती, मागे मिठागरांचे पांढरे ढीग उन्हात चमकत होते. बगळे नाव जवळ आली तरी हलत नव्हते. ढवळी पुढच्या टोकाला बसली, कंडक्टर टोपल्यांच्या शेजारी. सहादूने बोट बुडवून पाणी चाखलं आणि थुंकला.

"खारट!"

"मग? तुम्ही नाशिकवाले वरून गोड सोडता, आम्ही मीठ घालतो," यादव म्हणाला. "बिनमिठाचं कोण खाणार?"

वरच्या गावाच्या दगडी धक्क्याला नाव लागली तेव्हा खाडी काठोकाठ होती. यादव म्हणाला, "व्याही, तुम्ही बांधा. मी दुकानदाराला बोलावून आणतो."

सहादूने नाव बांधली. धरणावर बांधायचा तशीच, दोर आखूड, दोन वेढे, वर पक्की गाठ. नाव हलायला नको, दगडावर आपटायला नको. मग कुत्र्यांना "बसा" म्हणाला आणि वर चिंचेखाली जाऊन टेकला. धरणावरही तो असाच टेकायचा. माल कुत्री राखायची. वारा गार होता. त्याचा डोळा लागला.

जाग आली ती यादवच्या ओरडण्याने.

"ओ व्याही! फाशी दिली की माझ्या नावेला!"

सहादू धावला. खाडीतलं पाणी पार खाली गेलं होतं. नाव पुढच्या टोकाने दोराला लोंबकळत होती, मागचं टोक चिखलात. त्याच्या धरणात पाणी उतरायचं ते उन्हाळाभर, इंच इंच. सकाळचं पाणी दुपारी निघून जातं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं.

पण त्याची नजर नावेवर नव्हे, आतल्या मालावर गेली. टोपल्या घसरून मागे गेल्या होत्या, एक उपडी झाली होती. बोंबील सगळीकडे पसरले होते. आणि कुत्री?

उतारावर नखं रोवून दोघं बसली होती. कंडक्टरच्या पुढच्या पायांवरच बोंबलांचा ढीग होता. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि तो मान वळवून तिवरांकडे बघत होता.

यादवने बोंबील पाहिले, कुत्री पाहिली. मग त्याने कोयत्याने दोर तोडला. नाव धप्पकन चिखलात बसली.

"दुकानदार लग्नाला गेलाय. त्याची वाट बघण्यात पाणी गेलं. आता भरती येईस्तोवर बसा इथंच," तो म्हणाला. दोघं नावेत उतरले आणि बोंबील गोळा करून टोपलीत भरले. मग यादवने भाकरीचं फडकं सोडलं. "घ्या."

"नावेत नाय," सहादू म्हणाला. "उतारूंचा माल असायचा ना. म्या खाल्लं की ही बघायची. म्हणून मीच सोडलं. जमिनीवर पाय टेकला की मग तिघं खायचो."

"मग धक्क्यावर जाऊन खा की!"

"ही इथं बसलीत. त्यांला सोडून कसं खाऊ?"

यादवने तोडलेला घास तसाच फडक्यात ठेवला आणि गाठ मारली. चिखलातून खेकडे बाहेर येत होते, परत बिळात जात होते. दोघे व्याही उपाशी बसून ते बघत राहिले.

ऊन कलल्यावर पाणी गुपचूप आत आलं आणि नाव अलगद उचलली गेली.

गावच्या धक्क्यावर भागीबाई विमलला घेऊन उभीच होती. "किती खाल्ले?"

यादवने कुत्र्यांना आधी उतरू दिलं, मग टोपलीतून दोन बोंबील उचलले आणि स्वतः वाकून दोघांच्या पुढे दगडावर ठेवले.

"अहो, विकायचे आहेत ते!"

"घरच्यांना घालतोय," यादव म्हणाला.

ढवळीने सहादूकडे पाहिलं. सहादूने खाली उतरून दोन्ही पाय दगडावर टेकवले, तेव्हा कुठे तिने तोंड लावलं. विमलने पदराने डोळे पुसले.

"आणि हा दोर कुणी तोडला?" भागीबाईने नावेकडे बघत विचारलं.

सहादू आपली चूक कबूल करायला पुढे सरकला, तोच यादवने दोराचं टोक त्याच्या हातात दिलं.

"बांधा, व्याही. पण आता राहायचं आहे इथं, तर दोर लांब सोडा."