गॅलरी पाडण्याआधी

सरांनी ओल्या फडक्याने प्रयोगाचं टेबल पुसायला घेतलं, तेव्हा आर्किटेक्ट त्याच टेबलावर नकाशा पसरत होती.

"ओला होईल. उचल तो," सर म्हणाले.

तिने निमूटपणे नकाशा गुंडाळला. कॉलेजची विज्ञान इमारत नव्याने बांधून वाढवण्याचं काम तिच्याकडे आलं होतं. एके काळी ती इथेच रसायनशास्त्र शिकली. तेव्हा आवाज इतका बारीक, की सर तिला चिमणी म्हणायचे. आता तिच्या एका शब्दावर भिंती पडत होत्या. वरच्या मजल्यावर नव्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या, खिडक्या मोठ्या झाल्या होत्या. उरली होती ती फक्त ही पायऱ्यापायऱ्यांवर बाकं मांडलेली, सरांच्या तासांची जुनी गॅलरी. तिच्या जागी सपाट खोली आणि गोल टेबलं यायची होती. प्राचार्यांनी मात्र बजावून ठेवलं होतं, सर हो म्हणतील तरच हात लावायचा.

आणि सर काही केल्या हो म्हणत नव्हते. निवृत्ती तोंडावर आली होती. बायको चिडवायची, "आता ती गॅलरी घरी आणून ठेवणार आहात का?" सर हसण्यावारी न्यायचे, पण आत कुठेतरी दुखायचं. याच टेबलामागे उभं राहून त्यांनी आयुष्य घालवलं होतं. आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि द्रावण जेमतेम गुलाबी झालं, की त्याच थेंबाला तोटी बंद करायची, हा तर त्यांचा हातखंडा प्रयोग. गॅलरी गेली, तर आपण इथे होतो हे सांगणारं काय उरणार?

"नव्याचे नऊ दिवस," ते म्हणाले. "गोल टेबलाभोवती बसवलंस, तर पोरं नुसत्या गप्पा मारतील."

"मारतील की," ती म्हणाली. "सर, तुमचा गुलाबी रंगाचा प्रयोग आज मी करून दाखवू? तुम्ही वर बसा."

"वर?"

"शेवटच्या रांगेत. मी तिथेच बसायचे."

सरांना गंमत वाटली. गुडघ्यावर हात टेकत ते चढू लागले. इतक्या वर्षांत या पायऱ्या ते कधी चढलेच नव्हते. वर दंगा झाला, तर खालूनच दम भरायचे. शेवटचं बाक त्यांच्या कल्पनेपेक्षा बरंच लांब निघालं.

खाली तिने तोटी असलेली लांब काचेची ब्युरेट भरली, फ्लास्क तिच्याखाली ठेवला. ती वाकली, हात क्षणभर थांबला. सर परीक्षकाच्या नजरेने पाहत होते, पण आपल्या विद्यार्थिनीचं कौतुक करायला जीभ केव्हाची सरसावली होती.

"वा! अगदी नेमक्या थेंबाला थांबलीस हं," ते वरून म्हणाले.

तिने मान वर केली. ती हसली नाही.

"सर, अजून तोटी उघडलीच नाहीये."

पलीकडच्या खोलीत गवंडी कुणाला तरी पाणी आणायला सांगत होता. सरांनी पुढे वाकून, डोळे बारीक करून पुन्हा फ्लास्ककडे पाहिलं.

"मग रंग बदलला हे तुम्हाला कळायचं कसं?"

"पुढचे 'वा' म्हणायचे. मग आम्हीही म्हणायचो."

"अगं, मग एकदा तरी बोलायचंस!"

"तुम्ही इतके खूश दिसायचात, सर."

सर उठले. बाकांच्या कडा धरत, एकेक पायरी उतरत खाली आले. नेहमीच्या सवयीने टेबलामागे जायला निघाले, आणि तिथे न जाता तिच्या कोपराला कोपर लागेल इतके जवळ येऊन उभे राहिले. रंग उठून दिसावा म्हणून खिशातला पांढरा कागद काढून त्यांनी फ्लास्कखाली सरकवला.

"ती गोल टेबलं फार रुंद करू नकोस," ते म्हणाले. "हं, उघड आता."