हर्षदा कणसे यांचा तिसरा अंतरा

हर्षदाताई कणसेंची गाणी त्यांना सुचण्याआधीच कऱ्हाडला पाठ असतात. आधी गाव गुणगुणतं, मग ताई रचतात, मग मी रेकॉर्ड करते. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि ताईंच्या स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण सांभाळते. कामाला लागले त्याच आठवड्यात मी हे तपासून पाहिलं. ताईंनी दार लावून मनातल्या मनात एक मुखडा जुळवला आणि मला एकटीलाच म्हणून दाखवला. मी खाली उतरले. खालच्या गिरणीत रफिकभाई मुजावर तोच मुखडा म्हणत कुणाचीतरी ज्वारी दळत होते.

"हे कुठलं गाणं?" मी विचारलं.

"कुठलं म्हणजे? येतंच की सगळ्यांना."

आवाज हवेतून सेकंदाला तीनशे त्रेचाळीस मीटर जातो. ताईंचा आवाज काळातून मागे जातो. त्याचा वेग मला काढता आलेला नाही, कारण तो वाढतो आहे.

'कोरा चहा' ही त्यांची पहिली कॅसेट आली, तेव्हा गाव ती गाणी जेमतेम आठवडाभर आधी म्हणू लागलं होतं. कंपनीचे साहेब म्हणाले, "छान आहे, पण कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं." पुढच्या कॅसेटची गाणी गणपतीच्या मांडवात आदल्या वर्षीच वाजून गेलेली निघाली. 'सायकलचं दुकान' ही सीडी आली तेव्हा गिरणीच्या रांगेतल्या एक बाई डबा घेऊनच जिना चढून वर आल्या होत्या.

"ताई, आमच्या आजेसासूबाई हे भाकरी थापताना म्हणायच्या. निदान त्यांचं नाव तरी टाकायचं."

"या गाण्यात मिस्ड कॉल आहे हो," ताई म्हणाल्या.

"तेच ते. मिस्ड कॉलचंच."

ताईंनी त्यांना चहा दिला. "चाल मात्र झकास लावली होती आजेसासूबाईंनी," असंही म्हणाल्या. बाई खूश होऊन गेल्या. हे सगळं ताईंनी मला हसत हसत सांगितलं आणि मग माइकचा फोम झटकत राहिल्या.

"शास्त्रज्ञ," त्या म्हणाल्या. मला त्या याच नावाने हाक मारतात. "मला एकदाच, कुणालाही येत नसलेलं गाणं गायचंय गं. माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी अजून पाहिलेलंच नाही."

या महिन्यात त्यांना नवं गाणं सुचायला लागलं. 'गच्चीवर वाळत घातलंय आभाळ, चिमटे पुरतील का?' मुखडा झाला, दोन अंतरे झाले. मी गावात चक्कर मारली. शाळेची मुलं ते प्रार्थनेनंतर म्हणत होती. नदीच्या घाटावर एका पायरीवर ते पूर्ण कोरलेलं होतं, तिन्ही अंतऱ्यांसकट, आणि अक्षरं पायांनी झिजली होती.

मी परत येऊन म्हटलं, "ताई, तिसरा अंतरा रचूच नका."

"मग काय होईल?"

"कारणच नसेल तर परिणामही होणार नाही."

"अगं, पण सुचायला लागलाय."

"दुसरं काहीतरी करा."

ताई वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसल्या. मधेच त्यांचे ओठ हलायला लागायचे, की मी एक शेंग पुढे करायची.

रेकॉर्डिंग असलं की आम्ही घंटा वाजवतो आणि रफिकभाई तेवढ्यापुरती गिरणी थांबवतात. त्या दिवशी मी घंटा वाजवली नव्हती. गिरणी थांबली.

मी खाली गेले. रफिकभाई पट्ट्याजवळ नेलेला हात तसाच ठेवून उभे होते. रांगेतल्या बायका डबे कमरेवर घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी दुसरा अंतरा संपवला होता आणि पुढचं कुणालाच येत नव्हतं. पुढे सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आणि वस्तरा धरलेला न्हावी दोघं मिळून आठवून पाहत होते. स्टँडवर कोल्हापूरची गाडी सुरू होती, पण ड्रायव्हरचा पाय क्लचवरून उठत नव्हता. मंगल कार्यालयात नवरीने हार उचलून धरला होता आणि नवरदेव मान पुढे करून म्हणत होता, "आभाळ... चिमटे... त्याच्या पुढे काय गं?" त्रास कुणालाच होत नव्हता. त्यांना फक्त पुढे जाता येत नव्हतं. घाटावरच्या पायरीचा खालचा भाग कोरा झाला होता. मी हात फिरवून पाहिला, नव्याने घासलेल्या फरशीसारखा लागला. तिसरा अंतरा मी स्वतः तिथे वाचला होता. आता मलाही त्यातला एक शब्द आठवेना.

मग गाव वळलं. उतारावर पाणी जसं वळतं, तसं. गाणं जिथे तुटलं होतं त्या दिशेला सगळ्यांची तोंडं झाली आणि माणसं चालायला लागली. मी पळत स्टुडिओत पोचले तेव्हा खाली रस्ता भरला होता. अर्धी दाढीवाला होता, नवरी होती, तिचा हार अजून हातातच होता.

रफिकभाई जिना चढून आले. डोक्यापासून पायांपर्यंत पिठाने पांढरे.

"ताई," ते म्हणाले, "पुढचं तुमच्याकडे आहे म्हणे."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अशा नजरेने मी त्यांना कधी कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"माझ्याकडेही नाहीये, रफिकभाई. अजून नाहीये."

"मग थांबतो की."

ताई उठल्या. मांडीवरचे वाटाणे खोलीभर घरंगळले आणि त्या हसायला लागल्या. हसत हसतच त्यांनी माइक ओढून खिडकीशी नेला आणि खिडकी सताड उघडली.

"लाव गं, शास्त्रज्ञ."

मी लाल दिवा लावला आणि हेडफोन चढवले. त्यात काहीच नव्हतं. गावातून एकही सूर येत नव्हता. ताईंनी तोंड उघडलं, आणि ते बघून खालच्या सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. माझ्या कानांत दडे बसले. पडदा खिडकीबाहेर ताणला गेला, आणि रफिकभाईंच्या अंगावरचं पीठ सुटून एका लांब पांढऱ्या रेघेत ताईंच्या खांद्यावरून बाहेर निघालं.