हिरव्या झिलईची सेक्रेटरी

जुनी तर मी आहेच, मित्रांनो, आणि ते लपवायचं मला काही कारण नाही. पितळी तारेची जाळी, भोवती लाकडाचं गोल कडं, आणि कड्याच्या एका बाजूला माणसाच्या बोटांच्या पेरांनी पडलेली खोलगट खूण, असं माझं रूप आहे. मी मातीची भांडी घडवणाऱ्या कारखान्यातली चाळण आहे. पिठाच्या चाळणीबद्दल मला आदर आहे, पण कृपा करून तिला आणि मला एका माळेत ओवू नका.

तुम्ही माणसं आमच्या जातीला उगीच बदनाम करता. रस्त्यावर खड्डे पडले की लगेच म्हणता, रस्त्याची चाळण झाली. का म्हणून? खड्डे कुणीतरी केलेल्या हलगर्जीपणातून पडतात. माझं एकेक भोक मन लावून विणलेलं आहे. ज्या कारागिरानं मला विणलं, त्यानं काम संपल्यावर मला खिडकीच्या उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "एक घर चुकलेलं नाही बघ." जन्मल्याबरोबर अशी शाबासकी किती जणांना मिळते?

मला विकत घेतलं ते हिरवेकाकांनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. भाजलेल्या मातीवर काचेसारखा चकचकीत थर चढवतात, त्याला झिलई म्हणतात. काकांच्या हातची झिलई हिरवी असायची, आणि तसा हिरवा दुसरीकडे कुठेच मिळायचा नाही. खोल विहिरीत डोकावलं की तळाशी दिसतो, तसा तो रंग. वाडग्याच्या काठावर पातळ, तळाला गडद. त्या रंगावरून बाजारानं त्यांचं नाव ठेवलं आणि पुढे टपालही त्याच नावानं येऊ लागलं.

आता गंमत ऐका. झिलईत काय काय पडतं, हे काका कुणापासूनही लपवत नसत. पांढरी माती, दगडाची पूड, तांब्याची भुकटी आणि राख. कशाच्या किती वाट्या घ्यायच्या, तेही मागेल त्याला सांगत. आजूबाजूचे कुंभार ते माप घेऊन हरखून घरी जात आणि त्यांच्या भट्टीतून निघे तापकरी माणसाच्या जिभेसारखा रंग. मग ते तोंड पाडून परत येत.

"काका, तुम्ही सांगितलं तस्संच केलं हो."

"असेल बाबा," काका म्हणत, "एकेकाचा हातगुण असतो."

हातगुण कसला नि काय! झिलई कालवून झाली की काका मागच्या खोलीत जात आणि आतून कडी लावत. मग ते द्रावण माझ्यातून गाळत. माझ्या कड्यावर पेरांनी टकटक करत, की द्रावण खालच्या बादलीत उतरे आणि कचरा माझ्या जाळीवर राही. तो कचरा ते लगेच शेगडीत टाकून जाळत. मला धूत तेही स्वतःच. घरातल्यांना वाटे, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड आहे. त्या बंद दारामागे त्यांच्यासोबत असायची ती एकटी मी. माझी मान ताठ का, ते आता कळलं असेल.

पुढे काकांच्या मुलाचं लग्न झालं. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. सुट्टीत गंमत म्हणून चाकावर बसली, आणि मातीनं तिला जे धरलं ते सोडलंच नाही. शेवटी शाळा सुटली आणि ती कारखान्यातली झाली. काका तिला मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी तिला चाकावर माती मध्यावर कशी आणायची ते शिकवलं, भट्टीचा जाळ डोळ्यांनी ओळखायला शिकवलं. हिरवा तेवढा शिकवला नाही. तिच्या मनाला ते लागत होतं. बोलायची मात्र थट्टेच्या सुरात.

एका दुपारी काका मला पुसत बसले होते आणि ती कपांना कान लावत होती.

"बाबा, तुमच्या सीक्रेटचा अर्थ सांगू?"

"सांगा, मास्तरीणबाई. पाठ नाही झाला तर छडी नका मारू म्हणजे झालं."

"हा इंग्रजी शब्द आला लॅटिनमधून. त्यात 'से' म्हणजे बाजूला आणि 'केर्नेरे' म्हणजे चाळणं, निवडणं. म्हणून सीक्रेट म्हणजे मुळात चाळून बाजूला काढलेलं."

काकांचा हात थांबला. मग ते असे हसले, असे हसले, की त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. "चाळून बाजूला काढलेलं! त्या लॅटिनवाल्यांना कुणी सांगितलं गं हे?"

यात एवढं हसण्यासारखं काय, ते तिला कळेना. पण ऐकणारा मिळाला की शिक्षक थांबतो थोडाच? ती पुढे सांगू लागली. आपल्या शरीरातल्या ग्रंथी रक्तातून रस वेगळा काढतात, त्या क्रियेचं इंग्रजी नाव सीक्रीशन, तेही याच घराण्यातलं. आणि सेक्रेटरी म्हणजे आज सभा बोलावणारा आणि पत्रांवर सह्या ठोकणारा माणूस, पण मूळचा अर्थ, ज्याच्यावर भरवसा ठेवून गुपितं सोपवावीत असा.

"मग तुमचा सेक्रेटरी कोण, बाबा?"

काकांनी माझ्या कड्यावर टक् करून पेर वाजवलं. "ही काय."

मित्रांनो, त्या दिवशी मी काकांच्या हातात होते की सिंहासनावर बसलेली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. शेजारच्या ब्रशांशी मी दोन दिवस बोलले नाही.

"बरं, तुझ्या इंग्रजीचं झालं," काका म्हणाले. "आपल्या गुपिताचं काय?"

"ते संस्कृतातल्या 'गुप्'वरून. गुप् म्हणजे सांभाळणं, रक्षण करणं. गुप्त म्हणजे आधी सांभाळलेलं, आणि मग लपवलेलं."

"मग आपलाच शब्द मोठा. तो तुमचा नुसता बाजूला काढतो. आपला सांभाळतो."

तिनं हातातला कप खाली ठेवला. "सांभाळायला माणूस लागतो, बाबा. एकटा माणूस कुठवर पुरणार?"

काका उठले, मला घेऊन मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी कडी लावली. त्यांचा मला एवढा अभिमान, पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

त्यानंतर एका नव्या रुग्णालयाचं काम आलं. लहान मुलांच्या विभागातली अख्खी भिंत हिरव्या फरशांनी मढवायची होती. काका खूश होते. पडल्यापडल्या पोरांना बघायला काहीतरी बरं हवं, म्हणायचे. अर्ध्या फरशा भाजून भिंतीवर चढल्या. उरलेल्यांची झिलई गाळताना टकटक मध्येच थांबली आणि काका माझ्या शेजारी कोसळले. कालवलेली झिलई सांडून वाया गेली. दार आतून बंद. मुलानं कडी तोडली तेव्हा कुठे त्यांना उचलता आलं.

जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

त्या गडबडीत मला कुणीतरी बादलीवरून उचलून खुंटीवर अडकवलं. न धुता. झिलईच्या चाळणीला न धुता ठेवणं म्हणजे जिवंतपणी पुरणं. माझं एकेक घर बुजत गेलं, जाळीवरचा कचरा दगडासारखा वाळला, एका कोळ्यानं माझ्या कड्याला जाळं बांधलं. एका जाळीवर दुसरी जाळी! मला रडू येत होतं, आणि काकांच्या खोलीतून काही आवाज येतो का म्हणून मी कान लावून असायची.

इकडे मास्तरीण हिरव्याच्या मागे लागली होती. माप तर पाठ होतं, राख कशाची तेवढं ठाऊक नव्हतं. तिनं घरातल्या चुलीची राख घेतली, भट्टीची घेतली, पाववाल्याच्या ओव्हनची आणली. खिडकीत नमुन्याच्या फरशांची रांग लागली. एक मातकट, एक राखाडी, एक तर अशी, की तिच्या नवऱ्यानं तिला झुरळी असं नाव ठेवलं. रुग्णालयाच्या बांधकामाचं बघणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या.

"उरलेली भिंत पांढरी करू या का? कामं अडलीत सगळी."

"थोडे दिवस द्या," मास्तरीण म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

काकांना विचारून पाहिलं नाही असं नाही. मुलानं विचारलं, तिनं विचारलं. विचारलं की ते तोंड भिंतीकडे फिरवत. त्यांना सांगता येत नाही, की सांगायचं नाही, तेच कुणाला उमगेना. तिला तेच जास्त खुपत होतं. फरशा काय, आज ना उद्या पांढऱ्याही चालल्या असत्या. पण इतकी वर्षं एका छपराखाली काम करून आपण त्यांना परक्याच वाटलो का, हा प्रश्न तिला झोपू देत नव्हता.

एका सकाळी तिनं मला खुंटीवरून काढलं. मला धुवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. "बाबांची चाळण आणि काय दशा केलीय आपण," ती पुटपुटली आणि वाळलेला थर खरवडायला तिनं सुरी उचलली. पण सुरी टेकवण्याआधीच ती थांबली. माझ्या जाळीवरच्या काळ्या कचऱ्याकडे बघत राहिली.

"बाजूला काढलेलं," ती हळूच म्हणाली. मग तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, बाबा त्या दिवशी मला का हसले, ते आत्ता कळलं मला. आपण सगळे खालच्या बादलीत शोधतोय. बाबा जाळायचे ते काय?"

तिनं मला कोमट पाण्यात ठेवलं. हळूहळू थर सुटला. राखेसोबत आलेले न जळलेले कोळशाचे कण तिनं पांढऱ्या बशीत वेचले. त्यात दोन बारीक काळ्या बिया होत्या, एका टोकाला निमुळत्या.

नवऱ्यानं एक बोटावर घेतली. "ही द्राक्षाची बी आहे."

मग दोघांना एकदमच आठवलं. दरवर्षी वेलींच्या छाटणीच्या दिवसांत काका टेकडीपलीकडे जात, माती आणायला म्हणून. पोती बांधून आणत आणि मागच्या खोलीत ठेवत. शेवटचं पोतं रुग्णालयाच्या कामातच संपलं होतं. कुंभाराच्या घरी मातीचं पोतं उघडून कोण बघतो?

टेकडीपलीकडे द्राक्षाचा मळा होता. दोघं तिथं गेले. मळेवाल्या आजीबाई म्हणाल्या, "माती? इथं कसली माती? छाटलेल्या वेली जाळायला यायचे ते. आमचं रान साफ करून द्यायचे, राख घेऊन जायचे आणि वर आम्हालाच एक बरणी भेट द्यायचे. आम्ही म्हटलं, माणूस साधा आहे."

तिथल्या वेली जाळून केलेल्या राखेचा नमुना भट्टीतून निघाला तेव्हा काकांचा मुलगा जमिनीवर फतकल मारून बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. तोच हिरवा होता. काठाला पातळ, तळाला गडद.

"चला, सुटलो," शेवटी तो म्हणाला. "उद्यापासून फरशा लावून टाकू."

"बाबांना दाखवल्याशिवाय नाही."

"त्यांना राग आला तर? उगीच जिवाला त्रास."

"न दाखवता लावल्या तर ती चोरी होईल," ती म्हणाली. एका हातात फरशी आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती काकांच्या खोलीत गेली.

काका खुर्चीत होते. तिनं फरशी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. या वेळी तिनं काहीच विचारलं नाही. काकांनी फरशी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिची मान खाली गेली. पण ते भिंतीकडे वळले नव्हते, खिडकीकडे वळले होते. त्यांनी फरशी उजेडात धरली, इकडून तिकडून कलती करून बघितली, आणि अंगठ्याच्या नखानं एका जागी खरवडलं. तिथं एक ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा काळा. तिच्या नजरेला तो दिसलाही नव्हता.

मग त्यांनी फरशी ठेवली आणि डाव्या हातानं माझं कडं पकडलं. त्या हाताला माझी सवय नव्हती. त्यांनी मला तिच्याकडे ढकललं आणि दोन बोटं वर केली.

"दोन?" ती म्हणाली. "काय दोन, बाबा?"

त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा दोन बोटं दाखवली.

"दोनदा? दोनदा चाळायचं?"

काकांनी मान हलवली. त्यांचं तोंड एका बाजूनं हललं. तेवढंच हसू आता त्यांना येत होतं, आणि ते सगळं त्यांनी तिला दिलं. ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. मी मध्ये दोघांच्या हातांत अडकलेली होते, आणि एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

आज ती भिंत पुरी हिरवी आहे. मला आता मास्तरीण वाजवते, दोनदा चाळते आणि लगेच धुते. तुम्हीही आपल्या हत्यारांना काम संपलं की लगेच धुवा, मित्रांनो. खरवडू नका, कोमट पाणी द्या, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. आणखी एक सांगते, कारण सेक्रेटरी असल्यामुळे मला ते नक्की ठाऊक आहे. द्राक्षाची बी तिला माझ्या जाळीवर सापडली, ते तिचं कर्तृत्व. पण दोनदा चाळायचं, हे माझ्या जाळीवर तिला जन्मभर सापडलं नसतं. ते माहीत असलेला एकच माणूस होता, आणि सगळ्यांनी विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर नुसतं विचारत बसू नका. आपल्या हातानं काहीतरी करा, चुकलेलं का असेना, आणि ते त्यांच्या हातात नेऊन द्या.